मधल्या फळीतली एकवीस वर्षं

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, काळी नदीच्या खोऱ्यातला जोयडा तालुका विस्ताराने मोठा आणि वस्तीने विरळ. २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या पन्नास हजारांच्या घरात होती. बराचसा मुलूख जंगलाचा, त्यात काळी व्याघ्र प्रकल्प. जुनं सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. रामनगरच्या बाजूला मराठी सर्रास कानावर पडते. कॅसलरॉकहून आगगाडी दूधसागरच्या घाटाने थेट गोव्यात उतरते, म्हणजे फुटबॉलवेडं राज्य उंबऱ्याला लागून आहे. अशा तालुक्यातल्या एखाद्या मुलीला भारताच्या मधल्या फळीत खेळायचं असेल तर काय काय लागेल? या प्रश्नाचं उत्तर जोयड्यात शोधण्याआधी इंफाळला जावं लागतं.

ओइनाम बेमबेम देवीचा जन्म ४ एप्रिल १९८०चा, इंफाळचा. लहानपणी मुलींचा संघच नव्हता, तेव्हा मुलांमध्ये खेळता यावं म्हणून तिने मुलाचं नाव सांगितलं, ही हकिगत तिने स्वतः अनेकदा सांगितली आहे. १९९५ साली, पंधराव्या वर्षी, ती आशियाई महिला स्पर्धेत भारताकडून खेळली. पुढची एकवीस वर्षं ती मधल्या फळीत होती.

एवढा काळ या जागेवर टिकणं सोपं नाही. आघाडीच्या खेळाडूचा गोल सगळ्यांना दिसतो, गोलरक्षकाची चूकही दिसते. मधल्या फळीतल्या खेळाडूचं निम्मं काम चेंडू पायाशी येण्याआधीच झालेलं असतं. मागे कोण उभं आहे, उजवीकडची मुलगी धावायला लागली आहे का, समोरच्या संघाची बचावफळी कुठे फाटली आहे, हे मान वळवून आधीच टिपायचं, आणि चेंडू आला की एका स्पर्शात तो योग्य पायाकडे द्यायचा. ही नजर शंभर मीटरच्या धावेत मोजता येत नाही. ती सामने खेळूनच येते, तेही एकाच मोसमात दहा-वीस, आणि असे मोसम ओळीने अनेक.

मणिपूरने नेमकं हेच पुरवलं. तिथे लैकाईलैकाईत, म्हणजे मोहल्ल्यामोहल्ल्यात, क्लब आहेत. राष्ट्रीय महिला स्पर्धा मणिपूरने वीसहून अधिक वेळा जिंकली आहे. बेमबेमला मणिपूर पोलिसांत नोकरी मिळाली, तीही खेळाच्या जोरावर. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. पदकं नंतर आली. महिन्याचा पगार हातात असला की तिशी उलटलेली बाई सकाळी मैदानावर जाऊ शकते आणि घरचे तिला ‘आता पुरे’ म्हणत नाहीत.

पुरे म्हणायला कारणं पुष्कळ होती. महिला फुटबॉलची देशव्यापी संघटना १९७५ साली उभी राहिली. १९८०च्या सुमारास भारतीय मुली आशियाई स्पर्धेत उपविजेत्या ठरल्या. गोव्याची योलांडा डिसोझा त्याच पिढीची. पुढे हा खेळ अखिल भारतीय महासंघाच्या ताब्यात गेला, आणि आशियातले बाकीचे देश झपाट्याने पुढे निघून गेले. १९९८च्या बँकॉक आशियाई क्रीडास्पर्धेत चीनने भारताला १६-० असं धुऊन काढलं. २००९ साली तर दीड वर्षाहून अधिक काळ सामनाच न खेळल्यामुळे संघाचं नाव जागतिक क्रमवारीतून गळालं. खेळाडू होत्या, सराव होता, सामने नव्हते! महासंघाच्या तिजोरीत तेव्हा पैसा नव्हता असं कोणी म्हणेल. पुरुषांच्या संघासाठी तो कुठून येत होता, हेही मग त्यांनी सांगावं.

अशा काळात बेमबेम खेळत राहिली. २०१० साली कॉक्स बझारला दक्षिण आशियाई अजिंक्यपदाची स्पर्धा भारताने जिंकली, मग २०१२ साली कोलंबोत, २०१४ साली इस्लामाबादेत. २०१४ मध्येच ती आणि लाको फुटी भुतिया मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबकडून खेळायला गेल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये शिलाँगला दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ४-० हरवलं, आणि सुवर्णपदक घेऊन ती राष्ट्रीय संघातून निवृत्त झाली. पुढच्याच वर्षी पहिली महिला लीग झाली. अंतिम फेरीत सहा संघ होते, त्यात एफसी पुणे सिटीही होता. विजेती ठरली मणिपूरची ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन, आणि तिची सूत्रं बेमबेमकडे. २०१७ साली अर्जुन पुरस्कार, २०२० साली पद्मश्री.

आता उत्तर कन्नडकडे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष क्षेत्र योजनेखाली इथल्या सिद्दी मुलामुलींची निवड केली. जोयडा, हल्याळ, यल्लापूर या जंगलपट्ट्यात सिद्दींच्या वाड्या आहेत. आफ्रिकी वंशाची मुलं, म्हणजे धावणारच, हा हिशेब त्यामागे होता. हिशेब ढोबळच, पण मुलं खरोखर धावली. कमला सिद्दी अडथळ्यांच्या शर्यतीत देशपातळीवर पोचली. मग काही वर्षांतच योजना गुंडाळली गेली आणि बरीचशी मुलं शेतावर, मजुरीवर परतली. निवड झाली, वसतिगृह झालं, पण मागे नोकरी नव्हती आणि गावात दुसऱ्या पिढीसाठी मैदान नव्हतं. अलीकडे मुंडगोडमध्ये एक खाजगी संस्था सिद्दी मुलांना पुन्हा धावायला शिकवते आहे, ही चांगली गोष्ट. धावपटूला एकवेळ अशी छावणी पुरते. फुटबॉलच्या मधल्या फळीला ती पुरत नाही, कारण तिथे सोबत दहा जणी लागतात आणि समोर अकरा.

संघच उभा राहिला नाही तर काय होतं, हे महाराष्ट्राने जवळून पाहिलं. २०२२ची महिला आशियाई चषक स्पर्धा नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात झाली. २० जानेवारीला डी. वाय. पाटील मैदानावर भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी केली. तीन दिवसांनी तैवानविरुद्ध उतरायचं, तर करोनामुळे तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. यजमान संघ घरच्या स्पर्धेतून बाहेर पडला.

त्यानंतर महिला लीग घरच्या-बाहेरच्या मैदानांवर खेळली जाऊ लागली, मोसम लांबला. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमध्ये, चियांग माईला, भारताने यजमानांना २-१ हरवून पात्रता फेरीतून प्रथमच आशियाई चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, २९व्या आणि ७४व्या मिनिटाला. कल्याणीची ही मुलगी मधल्या फळीत खेळते. तिची नोकरी सशस्त्र सीमा बलात आहे. इंफाळ आणि कल्याणी एकमेकांपासून दूर, पण दोघींच्या मागचा आधार एकच: मैदान, सामने आणि पगार.

जोयड्यात यातलं पहिलं सहज होण्यासारखं आहे. शाळांकडे सपाट जागा आहेत, पावसाचे चार महिने सोडले तर त्या कोरड्याही असतात. म्हणून क्रीडाखात्याला एक विनंती. निवड चाचणीचा मांडव घालण्याआधी जोयडा, रामनगर, दांडेली आणि हल्याळ इथे चौदा वर्षांखालच्या मुलींचे चार संघ करा, आणि नोव्हेंबर ते मार्च दर रविवारी त्यांचे सामने लावा. खर्च चार चेंडूंचा, पंचांच्या मानधनाचा आणि एका बसचा.