मंडईचं नाटक आणि पोटातला प्रेक्षक

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव तालुक्यातून एका वाचकताईंचं पत्र आलंय. सातवा महिना लागलाय, दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरेल, रात्री नाटक असेल. सासूबाई म्हणतात, भोंग्यांच्या गोंगाटात बसू नकोस, बाळ दचकतं. त्याच सासूबाई रोज संध्याकाळी मोबाईलवर मंत्र लावून तो पोटाला टेकवायला सांगतात. ताईंनी विचारलंय, ‘बाळाला नाटक ऐकू जातं की मंत्र?’

बाळाला ऐकू जातं, यात आता वाद उरलेला नाही. बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी आईच्या पोटावर स्पीकर ठेवून गर्भाची हालचाल सोनोग्राफीवर पाहिली. त्यांचे निष्कर्ष १९९४ साली छापून आले. खालच्या पट्टीतल्या सुरांना पहिला प्रतिसाद दिसला १९व्या आठवड्यात, आणि २७व्यापर्यंत जवळपास सगळीच बाळं त्यांना दाद देऊ लागली. चढ्या सुरांना मात्र २९ ते ३१ आठवड्यांपर्यंत कुणी भीक घातली नाही. म्हणजे ढोलकी आधी, बासरी मागाहून.

पण ‘ऐकू जातं’ म्हणजे नेमकं काय जातं? तुमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. नाटकाचा मंडप गावाच्या एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला घरात अंथरुणावर पडलेले आहात. मध्ये भिंती, झाडं, बांध्या. संवादातला शब्द कळत नाही, पण आता खलनायक बोलतोय की नायिका रडतेय हे ओळखू येतं. गाणं कुठलं तेही चालीवरून कळतं. ‘स’, ‘श’, ‘च’सारखी बारीक, धारदार व्यंजनं वाटेतच गळतात, आवाजाची चढउतार, ठेका आणि बोलणाऱ्याचा बाज तेवढा पोचतो. पोटाची भिंत आणि गर्भजल हेच करतात. एकच फरक. आईचा आवाज मंडपातून येत नाही, तो घरातलाच असतो. तिच्या हाडामांसातून तो थेट आत उतरतो.

आता एका बाईंबद्दल, ज्यांचं नाव पाठ्यपुस्तकांत शोधून सापडत नाही.

मार्गारेट व्हिन्स केंब्रिजला लाव्यांच्या अंड्यांवर काम करत. लावी रोज एक अशी डझनभर अंडी घालते, पण पिल्लं मात्र काही तासांच्या अंतरात सगळी एकदम बाहेर पडतात. ही वेळ ठरवतं कोण? १९६०च्या दशकात व्हिन्सबाईंनी दाखवलं की पिल्लं अंड्याच्या आतून टकटक आवाज करतात आणि शेजारचं अंडं तो ऐकतं. मागे पडलेलं पिल्लू त्या आवाजानं घाई करतं. अंडी एकमेकांपासून लांब ठेवली की सगळं वेळापत्रक विस्कटतं. यंत्रानं नकली टकटक ऐकवली, तरी पिल्लं फसतात! कवचाच्या आत चाललेली ही कुजबूज मला विज्ञानातल्या सर्वांत गोड शोधांपैकी वाटते.

मग या बाई अंड्यावरून गर्भाकडे वळल्या. तोवर समज असा की गर्भाशय म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आणि रक्ताच्या सळसळीचा कारखाना, त्यात बाहेरचं काय ऐकू येणार? व्हिन्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी गाभण मेंढ्यांच्या गर्भजलात पाण्यात चालणारा मायक्रोफोन बसवला. ठोक्यांचा तो गाजलेला गोंगाट फारसा सापडलाच नाही. सापडलं ते मेंढीचं खाणं, पाणी पिणं, रवंथ. आणि बाहेरचे आवाजसुद्धा.

मेंढ्यांवरचा हा शोधलेख ‘सायन्स’ नियतकालिकाच्या जून १९८०च्या एका अंकात आला. तो संपतो त्याच पानावर पुढचा लेख सुरू होतो, अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांचा. त्यांची दहा तान्ही बाळं चोखणी चोखण्याची लय बदलून अनोळखी बाईऐवजी स्वतःच्या आईचा आवाज ‘लावून’ घेत होती. वय तीन दिवसांहून कमी. दुसरा लेख जगभर गाजला. आवाज आत पोचतो हे सांगणारा शेजारचा लेख तज्ज्ञांपुरता राहिला. मेंढी आणि माणसाचं बाळ यांत वार्ताहर कुणाकडे धावणार, हे सांगायला नको.

अंड्याची गोष्ट गोंदियाला परकी नाही. महाराष्ट्रातला सारस आज मुख्यतः याच जिल्ह्यात उरलाय. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत नाहीतर तलावाकाठी गवताचा ढीग रचून घरटं करतो, त्यात बहुधा दोन अंडी. त्याचा अमेरिकी चुलतभाऊ हूपिंग क्रेन जवळपास संपला होता. २००१पासून त्याच्या पोरक्या पिल्लांना विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाची वाट दाखवायला माणसं अतिहलकी विमानं उडवू लागली. पिल्लांनी विमानामागे यावं म्हणून अंडी फुटायच्या आधीच त्यांना क्रौंचांच्या आवाजाबरोबर इंजिनाची घरघर ऐकवत. गर्भसंस्कार म्हणायचे तर हेच!

माणसाच्या बाळाच्या पदरात पडते ती भाषेची चाल. कॅथलीन वेर्म्के यांच्या गटानं २००९मध्ये फ्रेंच आणि जर्मन नवजात बाळांचं रडणं तपासलं. फ्रेंच बाळांचा सूर चढत जातो, जर्मन बाळांचा उतरत. २०१०मध्ये व्हँकुव्हरला असंही दिसलं की गरोदरपणात इंग्रजी आणि टागालोग दोन्ही बोलणाऱ्या आयांच्या बाळांना दोन्ही भाषा सारख्याच आवडतात. घरात पोवारी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी अशा गोंदियाच्या आईच्या पोटी तर तीन-तीन चाली मुरत असणार. त्यांचा अभ्यास कुणीतरी करावा. इथल्या बाळाचं रडणं कुठल्या वळणावर जातं, हे ऐकायला मी स्वतः येईन.

यातून बुद्धी वाढते का? ‘मोझार्ट ऐका, हुशार व्हा’ या बाजाराचं मूळ १९९३चा एक प्रयोग. तो झाला होता कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांवर, आणि परिणाम टिकला पंधराएक मिनिटं. पोटातल्या बाळाचा त्यात संबंधच नव्हता. तरी सीड्या खपल्या, आता अ‍ॅप खपतात.

सासूबाईंच्या मोबाईलची आणखी एक गंमत आहे. पोटातून आत जातो तो खर्जातला आवाज, आणि मोबाईलचा चिमुकला स्पीकर नेमका तिथंच लंगडा. मंत्र हवेच असतील तर ताई, मोबाईल ठेवा आणि तुम्हीच म्हणा.

सासूबाईंचं भोंग्यांबद्दलचं म्हणणं मात्र निम्मं खरं आहे. अचानक मोठा आवाज झाला की बाळ दचकतं. स्वीडनमध्ये १४ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, त्या २०१६मध्ये प्रसिद्ध झाल्या. गरोदरपणात पूर्णवेळ ८५ डेसिबल किंवा जास्त गोंगाटात काम केलेल्या आयांच्या मुलांत ऐकण्याचे दोष सुमारे ८० टक्क्यांनी जास्त आढळले. तो महिनोन्‌महिन्यांचा गोंगाट होता. राईस मिलमध्ये यंत्राशेजारी रोज उभं राहणाऱ्या बाईनं डॉक्टरांशी बोलावं. एका रात्रीच्या नाटकाचं तसं नाही. भोंग्यापासून आणि डीजेपासून लांब, मागच्या रांगेत बसा.

आणि तिसऱ्या अंकात डोळा लागला तर सुभद्रेसारखं झालं म्हणून हळहळू नका. या महिन्यांत बाळ दिवसरात्र बहुतेक वेळ झोपलेलंच असतं. चक्रव्यूहाच्या वेळी सुभद्रेच्या आधी अभिमन्यूच पेंगला असेल, अशी मला दाट शंका आहे.