जुन्या मोटारीचे ब्रेक : डिस्क बसवण्याआधी



या पानावर मी एरवी लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया आणि खोडव्यातल्या पाचटाबद्दल लिहितो. या खेपेला विषय मोटारीच्या ब्रेकचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाला हे नसते उद्योग कुणी सांगितले, असं कुणी म्हणेल. पण आपल्या कार्यक्षेत्रात अजून कितीतरी घरी गोठ्याशेजारी जुनी फियाट, पद्मिनी नाहीतर मारुती उभी आहे, लग्नाकार्याला, बाजाराला बाहेर निघते आहे. आणि गेल्या हंगामात माझी पद्मिनी थांबायच्या वेळी थांबली नाही.

गाडी १९८६ सालची, वडिलांनी वापरलेलीच घेतलेली. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीने हे मॉडेल १९६४ साली फियाट ११०० डिलाईट म्हणून काढलं, पुढे त्याचीच पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, चौदा इंची चाकं आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईत टॅक्सी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावली, म्हणजे गाडी लेचीपेची नव्हे. पण ब्रेक मात्र जुन्या काळच्या रस्त्याला आणि जुन्या वेगाला बेतलेले.

जानेवारीतली संध्याकाळ होती. गट ऑफिसातून तोडणीचा प्रोग्रॅम घेऊन परतत होतो. पाट फुटून रस्त्यावर ढोपराएवढं पाणी आलेलं. त्यातून गाडी हळू काढली, पलीकडे गेल्यावर वेग घेतला. वळणाच्या पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ॲक्सल मोडून उभा. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, वाढ्याचे शेंडे तेवढे लोंबत होते. मी ब्रेक दाबला. पायडल घट्ट लागलं, पण गाडी धरीचना. पुन्हा दाबला तर एकदम उजवीकडे ओढली. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून आज हे लिहितो आहे. गाडी उजव्या हाताच्या उसात चार सऱ्या आत जाऊन थांबली. ट्रॉलीच्या मागे टोळीतली दोन पोरं चाकाला दगड लावत बसली होती. ती मला गाडीतून उतरल्यावर दिसली.

काय झालं होतं ते आता कळतं. ड्रम ब्रेकमध्ये लायनिंग लावलेले दोन शू बंद डब्यात असतात आणि ते आतून ड्रमला दाबले जातात. पाणी आत गेलं की लवकर बाहेर येत नाही, लायनिंग आणि ड्रम यांच्यात पाण्याचा पापुद्रा राहतो. एका चाकाचं आधी सुकतं, दुसऱ्याचं नंतर, म्हणून गाडी एका अंगाला ओढते. पाण्यातून निघाल्यावर हळू चालवत तीन-चार वेळा ब्रेक हलके दाबून धरले असते, तर शू तापून सुकले असते. एवढं साधं, पण ते केलं नव्हतं. घाट उतरताना उलटा त्रास होतो. ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, लायनिंगची पकड सुटते आणि पायडल खाली खाली जातं. डिस्कची चकती उघडी असते, ती पाणी झटकते आणि वाऱ्याने लवकर थंड होते. डिस्कचा खरा फायदा हा.

दुसऱ्याच आठवड्यात एका गॅरेजात गाडी घातली. "साहेब, पुढं डिस्क टाकू, विषय संपला," असं सांगण्यात आलं. भंगारातून दुसऱ्या गाडीच्या चकत्या आणि कॅलिपर आणले, पट्टीचं ब्रॅकेट केलं आणि बसवलं. गाडी घेऊन निघालो तर पायडल दगडासारखं, मांडी भरून आली. दोन मैलांवर पुढच्या उजव्या चाकातून जळका वास. हात लावला तर चटका बसला. पैसे गेले आणि थांबायला गाडी पहिल्यापेक्षा वाईट!

शेवटी कोल्हापूरला उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढचं. त्यांनी गाडी वर घेतली, खाली नजर टाकली आणि मलाच विचारलं, "सायेब, गाडी थांबवतंय कोण?"

मी म्हटलं, "ब्रेक."

"न्हाई. ब्रेक चाक थांबवतंय. गाडी टायर थांबवतंय. तुमचं टायर बघा की."

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. माझ्या टायरवर २३१२ होतं, म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत होती, पण रबर वाळून चामड्यासारखं झालेलं. असल्या टायरवर डिस्क लावली तर चाक लवकर जाम होईल आणि गाडी घसरत जाईल, एवढंच.

मग त्यांनी पायडल का जड झालं ते सांगितलं, आणि हे प्रत्येकाने नीट ध्यानात घ्यावं. ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जाऊन आणखी घट्ट बसतो, म्हणजे पायाच्या जोराला चाकाच्या फिरण्याची जोड मिळते. डिस्कला ती जोड नाही. सगळा जोर पायानेच द्यायचा. म्हणून डिस्कवाल्या गाड्यांना सहसा बूस्टर असतो. इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर तो चालतो आणि पायाचा जोर वाढवतो. मला डिस्क दिली होती, बूस्टर दिला नव्हता.

चाक का तापलं त्याचं कारण मास्टर सिलिंडरमध्ये होतं. ड्रमच्या मास्टर सिलिंडरला एक बारीक व्हॉल्व्ह असतो. शू फार मागे जाऊ नयेत म्हणून तो पाइपात थोडा दाब राखून ठेवतो. ड्रममध्ये शूला मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा असतात, त्यामुळे तिथे चालतं. डिस्कच्या पॅडला तशी स्प्रिंग नसते. तेवढ्याशा दाबानेही पॅड चकतीला घासत राहतं. शिवाय कॅलिपरचा दट्ट्या मोठा, त्याला तेल जास्त लागतं. मास्टर सिलिंडर लहान असला तर पायडल लांब जातं, उगाच मोठा घातला तर जड होतं. तो मापाचाच पाहिजे. एकाची मोटर, दुसऱ्याचा पंप आणि तिसऱ्याचा पाइप जोडून विहिरीवर जसं पाणी येतं, तसं हे माझं डिस्कचं काम झालं होतं.

मिस्त्रींनी ब्रॅकेट काढून फेकलंच. ते स्टब ॲक्सलला वेल्डिंगने धरलेलं होतं. स्टब ॲक्सलवर चाकाचा सगळा भार येतो. तो घडीव पोलादाचा असतो आणि वेल्डिंगच्या आचेने तिथलं पोलाद कडक व ठिसूळ होऊन पुढे चीर जाऊ शकते. त्यांनी स्टब बदलला, जाड प्लेटचं ब्रॅकेट मापाने कापून मूळच्या बोल्टांच्या भोकांवर बसवलं. बूस्टरला जागा काढली आणि त्याच्या नळीला एकतर्फी व्हॉल्व्ह घातला. मास्टर सिलिंडर दुहेरी घेतला. माझ्या मते सगळ्या खर्चात मोलाची वस्तू ही. जुन्या गाडीत एकच सिलिंडर चारही चाकांना तेल देतो. एक नळी फुटली की चारही चाकं गेली. दुहेरीत पुढची आणि मागची लाईन वेगळी असते, एक गेली तरी दुसरी गाडीला धरते.

मागची चाकं ड्रमवरच ठेवली. मी म्हटलं, चारही डिस्क करू. मिस्त्री म्हणाले, "मागं जोर वाढवला तर गाडी फिरंल." ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे येतो, मागची चाकं हलकी होतात. मागचं चाक आधी जाम झालं तर गाडीचं तोंड फिरतं. पुढचं काम जास्त, मागचं कमी, हे प्रमाण मोडायचं नाही.

बूस्टर बसवणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. उताराला पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून न्यूट्रलवर सोडायची सवय आपल्याकडे पुष्कळांना आहे. बूस्टरच्या गाडीत हे जिवावर बेतेल. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन वेळा दाबेपर्यंत मदत मिळते, पुढे पायडल दगड.

आता ज्यांना डिस्कचा खर्च करायचा नाही त्यांच्यासाठी, आणि असे जास्त असतील. ड्रम मुळात वाईट नाही, आपण त्याच्याकडे बघत नाही. ड्रम आतून घासून लंबगोल झाला असेल तर लेथवर फिरवून घ्यावा, पण फार पातळ झालेला ठेवू नये. लायनिंग दोन्ही बाजूंचं एकदम बदलावं, एका बाजूचं कधीच नाही. व्हील सिलिंडर गळून लायनिंगला तेल लागलं असेल तर ते पेट्रोलने धुऊन परत लावू नये, टाकून द्यावं. रबरी होज बाहेरून बरा दिसतो, पण जुना होज आतून फुगून तेलाला माघारी येऊ देत नाही आणि चाक धरून बसतं. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पंपाने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. गॅरेजातल्या पोरालाही ते सांगा, त्याचीही फुफ्फुसं आहेत.

ब्रेक ऑइल हा स्वतंत्र विषय होईल. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवं तेल किमान २०५ अंशापर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० वर येते. घाटात ब्रेक तापले की तेलाची वाफ होते आणि पाय नुसता वाफ दाबत राहतो. म्हणून दोन वर्षांनी तेल बदला. आणि कृपा करून त्यात ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल ओतू नका. घरात डबा असतो, "तेल ते तेल" म्हणून ओतलं जातं. एका सभासदांनी असंच केलं होतं. चार दिवसांत सगळे रबर फुगले, चारही चाकं धरली आणि गाडी ट्रॉलीत घालून न्यावी लागली. रस्त्यात धरली नाहीत हे नशीब.

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरबदलांवर बंधनं आहेत. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पुन्हा करताना तपासणी होतेच. डिस्क, बूस्टर घालायचं तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मी पहिल्या खेपेला विचारलं नव्हतं, दुसऱ्या खेपेला विचारून मगच काम केलं.

हंगाम संपल्यावर एका रविवारी केनयार्ड मोकळं होतं. माझी गाडी आणि एका सभासदांची तशीच पद्मिनी, ड्रमचीच पण नवीन लायनिंग, नवे होज, नवे टायर आणि ताजं तेल घातलेली, अशा दोन्ही आणल्या. प्लॉट मोजायची टेप घेतली. ताशी ४० च्या वेगाला कोरड्या रस्त्यावर पहिल्या ब्रेकला दोघांत एका पावलाचाही फरक पडला नाही. खरं सांगतो, मी थोडा हिरमुसलो. पाचव्या-सहाव्या ब्रेकला त्यांची गाडी लांब जाऊ लागली. मग चाकांवर पाइपने पाणी सोडलं, तेव्हा ती एका ट्रॉलीच्या लांबीएवढी पुढे गेली, माझी होती तिथेच थांबली.

वेगाचंही मोजणार होतो, पण साठच्या वर जायला यार्ड पुरत नव्हतं. हिशेब मात्र सोपा आहे. साठच्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. डोळ्यांनी ट्रॉली पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर संपतं, आणि चांगल्या कोरड्या रस्त्यावरही त्यानंतर वीसएक मीटर लागतात. ऐंशीला ब्रेक लागल्यावरचं अंतर पस्तिसाच्या पुढे जातं. रस्त्यावर चिखल, पाचट पडलेलं असलं तर याहून पुष्कळ जास्त.

ते सभासद टेप गुंडाळत म्हणाले, "आण्णा, मला घाट न्हाई चढायचा. गावातनं कारखान्यावर आणि कारखान्यावरनं गावात. मी हाय त्यावरच ऱ्हातो. पाणी लागलं की ब्रेक सुकवून घेतो." त्यांचं बरोबर होतं. जाताना त्यांनी ट्रॅक्टरच्या दोन्ही ट्रॉल्यांसाठी रिफ्लेक्टरच्या पट्ट्या मागून घेतल्या आणि डिकीत टाकल्या.