खोटं नाही, पण पटत नाही

जुलै १९४३. वॉशिंग्टनमध्ये पोलंडच्या राजदूतांच्या घरी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश फेलिक्स फ्रँकफर्टर एका तरुणाचं बोलणं ऐकत बसले होते. तरुणाचं नाव यान कार्स्की. पोलंडच्या भूमिगत चळवळीचा हा निरोप्या आदल्या वर्षी वॉर्साच्या घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, दोनदा चोरून शिरला होता. पहारेकऱ्याचा वेष करून तो एका छावणीतही गेला होता. ज्यूंना कसं कोंडतात, उपाशी मारतात, गाड्यांत भरून नेतात हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

फ्रँकफर्टर स्वतः ज्यू, व्हिएन्नात जन्मलेले. त्यांनी बारीकसारीक प्रश्न विचारले, सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी सांगितलं की, यावर माझा विश्वास बसत नाही. राजदूत चमकले. आमच्या सरकारचा माणूस खोटं बोलतोय का, असं त्यांनी विचारलं. फ्रँकफर्टर यांचा खुलासा असा, की हा तरुण खोटं बोलतोय असं मी म्हटलेलंच नाही. मला ते खरं मानता येत नाही, एवढंच.

न्यायाधीशाने साक्षीदाराला खोटा न ठरवता साक्ष नाकारावी, यात बरंच काही आलं. माहिती नव्हती अशातला भाग नाही. पोलंडमध्ये सात लाख ज्यूंची हत्या झाल्याची बातमी लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने २५ जून १९४२ लाच दिली होती, त्यात फिरत्या विषारी वायूच्या गाड्यांचाही उल्लेख होता. ती छापली पाचव्या पानावर. डिसेंबरमध्ये दोस्त राष्ट्रांनी या कत्तलीचा जाहीर निषेध केला आणि ब्रिटिश खासदार सभागृहात स्तब्ध उभे राहिले. तरीही ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश गुप्तचर यंत्रणेतले एक वरिष्ठ अधिकारी, व्हिक्टर कॅव्हेंडिश-बेंटिंक, लिहीत होते की वायुकोठड्यांच्या गोष्टींना पुरावा नाही, पोलिश आणि ज्यू लोक तिखटमीठ लावून सांगतात. त्यांना या गोष्टी मागच्या महायुद्धातल्या प्रेतांच्या चरबीच्या कहाणीसारख्या वाटत होत्या.

ही कहाणी १९१७ सालची. जर्मन लोक आपल्याच सैनिकांची प्रेतं उकळून चरबी काढतात, असं ब्रिटिश वृत्तपत्रांनी छापलं होतं. ती शुद्ध थाप होती, आणि १९२५ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांना संसदेत तसं जवळपास मान्यच करावं लागलं. लांडगा आला रे आला म्हणून सरकारी आशीर्वादानेच एकदा ओरडून झालं होतं. आता खरा लांडगा आला तेव्हा साहेबांना आठवली ती जुनी ओरड. म्हणजे इतिहासाशी तुलना त्यांनीही केलीच. फक्त स्वस्थ झोप लागेल अशी निवडली.

दुसरी तुलनाही हाताशी होती. १९१५ पासून ऑटोमन तुर्कस्तानात आर्मेनियन लोकांच्या कत्तली झाल्या, त्यांना वाळवंटात हाकलण्यात आलं. त्या काळात मुसा दाग डोंगरावर काही आर्मेनियन गावांनी केलेल्या प्रतिकारावर फ्रान्झ वेर्फेल या ऑस्ट्रियन ज्यू लेखकाने १९३३ मध्ये कादंबरी लिहिली. जर्मनीत तिच्यावर बंदी आली. हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने चित्रपटाचे हक्क घेतले, तर तुर्की सरकारने अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यावर दबाव आणला आणि चित्रपट बारगळला. घेटोंमध्ये मात्र या कादंबरीच्या प्रती हातोहात फिरत होत्या. बियालिस्टोकच्या घेटोत प्रतिकार करायचा का, यावर खल झाला तेव्हा मुसा दागचं नाव निघालं. तिथल्या लोकांना ही तुलना अतिशयोक्त वाटली नाही. ती नाकारून त्यांच्या पदरात काही पडणारही नव्हतं.

लंडन-वॉशिंग्टनचं तसं नव्हतं. कार्स्कीचं खरं मानलं की पुढचे प्रश्न आलेच: निर्वासितांसाठी दारं उघडायची का, किती जणांना घ्यायचं, युद्धाचे बेत बदलायचे का. या प्रश्नांना हात घालण्यापेक्षा पुरावा अपुरा ठरवणं सोपं होतं.

माणसाचं मन अशी पळवाट कशी काढतं, याचा एक प्रयोग अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थिनींना एक मुलगी दाखवली. उत्तर चुकलं की तिला विजेचा झटका बसत असे. झटके खोटे होते, पण बघणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. ज्यांना तिचे हाल थांबवता आले, त्यांचं तिच्याबद्दल बरं मत राहिलं. हाल चालूच राहणार आणि आपण काही करू शकत नाही, असं ज्यांना वाटलं, त्यांना ती मुलगीच फारशी चांगली वाटेना. जगात न्याय आहे ही समजूत मोडण्यापेक्षा सोसणाऱ्यात खोट काढणं त्यांना जड गेलं नाही. इशारा देणाऱ्याच्या वाट्याला हेच येतं. तो भडक आहे, प्रसिद्धीला हपापलेला आहे, त्याचा काहीतरी डाव असणार.

अर्थात प्रत्येक वेळी मनाचीच गुंतागुंत असते असं नाही. कधी हिशेब सरळ असतो. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये विषारी फॉस्जीनमुळे एका कामगाराचा बळी गेला. राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ मध्ये ‘रपट’ या आपल्या छोट्या साप्ताहिकात शहराला सावध करणारे लेख लिहिले. त्याच वर्षअखेर विधानसभेत विषय निघाला. कामगारमंत्र्यांचं उत्तर होतं, की कारखान्यात २५ कोटींची गुंतवणूक आहे, तो काही दगड नव्हे की उचलून दुसरीकडे ठेवला. केसवानींनी जून १९८४ मध्ये ‘जनसत्ता’तून पुन्हा लिहिलं.

लहान साप्ताहिकाचा संपादक म्हणून त्यांना झटकता आलं. पण विषारी रसायन बाहेर पडण्याचा धोका कंपनीच्याच अमेरिकेतून आलेल्या पथकानेही मे १९८२ मधल्या पाहणीत नोंदवला होता. त्या कागदाला भडक म्हणायची सोय नव्हती. तो फायलीत गेला. खर्चकपात चालू राहिली, कामगार कमी झाले. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायूची गळती सुरू झाली तेव्हा मिथाइल आयसोसायनेटच्या टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती आणि निसटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची जोडणी दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली होती.