हीमोफिलिया आणि बालकांचे सांधे

खेळता खेळता मूल पडते, गुडघा खरचटतो, थोडे रक्त येते आणि काही मिनिटांत आपोआप थांबते. या नित्याच्या घटनेमागे रक्तातील अनेक प्रथिनांचे सहकार्य असते. एकाने दुसऱ्यास चेतवावे, दुसऱ्याने तिसऱ्यास, अशी ही साखळी आहे. तिच्यातील आठवा किंवा नववा घटक जन्मतःच उणा असला, म्हणजे त्या विकारास हीमोफिलिया म्हणतात. तो मुख्यतः मुलग्यांत आढळतो व बहुधा आईकडून येतो. तथापि सुमारे एकतृतीयांश रोग्यांच्या कुळात तो पूर्वी कोणासही झालेला नसतो.

अशा मुलास टाचणी टोचली तरी ते रक्त वाहून दगावते, हा समज खरा नव्हे. खरा घात आतल्या आत होतो. गुडघा, घोटा व कोपर यांत रक्त साचते. त्यातील लोहामुळे सांध्याचे अस्तर सुजते. सुजलेल्या अस्तरातून पुन्हा सहज रक्तस्राव होतो. अशा फेऱ्यांत कूर्चा झिजून मूल तरुणपणीच पंगू होते. रक्तस्राव झाल्यावर औषध दिले, तरी तोवर थोडी हानी होऊन गेलेली असते.

या कोड्याचे उत्तर स्वीडनमध्ये मिळाले. ज्यांच्या रक्तात उणा घटक सामान्याच्या शेकडा १ हून कमी, त्यांचे सांधे झिजत. ज्यांच्यात तो शेकडा १ ते ५ असे, त्यांचे क्वचितच. मग तीव्र रोग्यास तेवढ्या पातळीवर ठेवले तर? १९५८ मध्ये माल्मो येथे डॉ. इंगा मारी निल्सन यांनी मुलांना तो घटक नियमितपणे, रक्तस्रावाची वाट न पाहता, देण्यास आरंभ केला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंचवीस वर्षांच्या अनुभवावरून दिसले, की ज्यांचे उपचार पहिल्या एकदोन वर्षांत सुरू झाले, त्यांचे सांधे जवळजवळ निर्दोष राहिले.

तुलनेची कसोटी मात्र उरली होती. ती अमेरिकेत ६५ लहान मुलांवर लावण्यात आली. निम्म्यांना नियमित औषध, उरलेल्यांना रक्तस्रावानंतर. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : सहाव्या वर्षी एमआरआय चित्रणात पहिल्या गटातील शेकडा ९३ मुलांचे सांधे निरोगी होते, दुसऱ्यातील ५५.

या वाटेवर संकटही आले. मानवी रक्तद्रवापासून केलेल्या औषधांतून १९८० च्या सुमारास सहस्रावधी रोग्यांना एड्सच्या विषाणूची बाधा झाली. त्यानंतर औषधे विषाणुमुक्त करण्याच्या पद्धती आल्या व जनुकतंत्राने घटक तयार होऊ लागले. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एमिसिझुमॅब तर आठवड्यातून एकदा, किंवा त्याहूनही विरळ, त्वचेखाली टोचता येते. आठव्या घटकाच्या उणिवेवरच ते चालते. किंमत हा मोठा अडसर आहे. परंतु नियमित दिलेली अल्प मात्राही रक्तस्राव घटविते, असे आढळले आहे.

म्हणूनच लवकर ओळख महत्त्वाची. रांगत्या मुलाच्या अंगावर वारंवार निळसर डाग उठू लागले, अथवा न पडता सांधा सुजला, तर तो तेल लावून चोळू नये, ॲस्पिरिन देऊ नये. रक्ताची तपासणी करून घ्यावी. नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही. पहिल्या काही वर्षांत ती राखता मात्र येते.