दहा सेंटीमीटरची मोजपट्टी आणि दख्खनचा कातळ

सोलापूर जिल्ह्याखाली जवळजवळ सगळीकडे बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेल्या लाव्हाचे हे थर. उजनीचे धरण असो की भीमा-सीना जोडकालव्याचा बोगदा, पेलणारा कातळ हाच; आणि त्याची पारख आधी होते ती बोअरमधून काढलेल्या दगडी गाभ्यावर. गाभ्याच्या 10 सेंटीमीटर किंवा त्याहून लांब अखंड तुकड्यांची बेरीज करायची, ती खोदलेल्या लांबीशी ताडायची आणि टक्केवारी काढायची. अमेरिकी अभियंते डॉन डीअर यांनी 1960च्या दशकात रूढ केलेला हा आकडा म्हणजे आरक्यूडी. 90च्या वर उत्कृष्ट, 25च्या खाली अत्यंत निकृष्ट. माझे म्हणणे असे की दख्खनच्या कातळात हा आकडा एकटा वाचणे धोक्याचे आहे.

पहिले कारण गणितातच आहे. सगळे तुकडे 11 सेंटीमीटरचे निघाले तर आरक्यूडी 100, सगळे 9 सेंटीमीटरचे निघाले तर शून्य. कातळात मात्र एवढा फरक नसतो. त्याहून गंभीर गोष्ट दिशेची. काळ्या, घट्ट बेसाल्टमध्ये लाव्हा थंड होताना पडलेल्या खांबासारख्या उभ्या भेगा असतात. बोअरही उभाच घेतला तर तो दोन भेगांच्या मधून सरळ खाली जातो, गाभा सलग निघतो आणि भेगाळलेला कातळ कागदावर उत्कृष्ट ठरतो. रूथ तेर्झाघी यांनी 1965 मध्येच या दिशादोषाकडे लक्ष वेधून तो दुरुस्त करण्याची रीत दिली होती. याउलट पांढऱ्या खनिजांनी पोकळ्या भरलेल्या बेसाल्टमध्ये भेगा मुळातच विरळ असतात. तो दिसायला दुबळा आणि काळ्या पाषाणापेक्षा मऊही असतो, पण बोगद्याला बहुधा चांगली साथ देतो. दोन थरांमधला लाल गेरूचा पट्टा तर बोअर घेतानाच पाण्याने धुऊन जातो. तो गाभ्यात येतच नाही; नेमका जिथे धोका, तिथे गाभा ठेवायच्या पेटीत रिकामी जागा.

यावर आक्षेप येईल की आकडा सोपा आहे म्हणूनच तो टिकला. निविदा आणि देयकांना एक सामायिक भाषा लागते. हे मला मान्य आहे. बिएनियावस्की यांची 1973ची आणि बार्टन व सहकाऱ्यांची 1974ची वर्गवारीही आरक्यूडी वापरते. पण त्या दोन्हींत तो अनेक घटकांपैकी एक आहे. भेगांची स्थिती आणि पाणी यांनाही तिथे गुण आहेत. तिरका बोअर महाग पडतो, हा दुसरा आक्षेपही खरा आहे. म्हणून प्रत्येक बोअर तिरका हवा असे नाही. घट्ट बेसाल्टच्या थरात मोजके तिरके बोअर घ्यावेत, यंत्राने मोडलेले ताजे काठ नैसर्गिक भेगांतून वगळावेत आणि टक्केवारीशेजारी प्रत्येक भेगेची खोली, कल व तिच्यातला भराव लिहावा. तेही गाभा बाहेर येताच. काही बेसाल्ट हवेत उघडे पडल्यावर थोड्याच काळात भुगा होतात, आणि उशिरा केलेली मोजणी मग कातळाऐवजी पेटीतल्या भुग्याची होते.