कांड्यांची शेगडी घेताना

कोजागरीच्या रात्री बोरीवलीतील आमच्या इमारतीच्या गच्चीवर कोळशाच्या शेगडीवर कणसे भाजण्याची जुनी पद्धत आहे. मागच्या खेपेला शेगडी पेटवण्यासाठी नारळाच्या शेंड्या आणि थोडे रॉकेल वापरले गेले. धूर जिन्यातून खाली उतरला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, दमा असलेल्या एका आजोबांना ती रात्र बसून काढावी लागली. पुढच्या सभेत विषय आला: गच्चीवर विस्तव पेटवण्यास कायमची बंदी. मुलांना कणसे हवी होती, आजोबांना श्वास हवा होता. अखेर इमारतीतील आम्हा तिघा शिक्षकांवर काम सोपवण्यात आले. धूर न करणारी आणि वर्गणीत बसणारी शेगडी शोधायची. त्या शोधात आम्ही जे शिकलो ते वर्गातही उपयोगी पडेल, असे वाटते.

कोणीतरी आम्हाला 'पेलेट'वर चालणाऱ्या शेगडीचे नाव सांगितले. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा किंवा शेतीतील टाकाऊ पदार्थ दाबून केलेल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या. कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जाणारा 'पांढरा कोळसा' आपण ऐकला असेल. कांडी ही त्याचीच धाकटी बहीण. भुसा पोलादी साच्याच्या भोकांतून जोराने दाबला की घर्षणाने तापतो, लाकडातील लिग्निन मऊ होते आणि थंड झाल्यावर तेच डिंकाचे काम करते. वेगळा डिंक बहुधा लागत नाही.

येथे एक सोपा प्रयोग करून पाहा. पाण्याच्या पेल्यात लाकडाचा तुकडा टाका आणि एक कांडी टाका. लाकूड तरंगते, कांडी बुडते. पदार्थ तोच, मग असे का? लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्यापेक्षा जड असतात, परंतु पेशींमधील पोकळीत हवा असते. कांडी करताना ही हवा दाबून काढलेली असते. आता पेला दहा मिनिटे तसाच ठेवा. कांडी फुगून तिचा पुन्हा भुसा होतो. हा प्रयोग लक्षात ठेवा, मुंबईच्या पावसाळ्यात तो महागात पडतो.

आता धुराकडे वळू. मेणबत्ती विझवल्यावर वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला जळती काडी लावली, तर ज्योत धुरातून खाली उतरून वात पुन्हा पेटवते. म्हणजे धूर हे न जळलेले इंधनच आहे. लाकडाचेही तसेच. तापल्यावर त्याच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग ज्वलनशील वायू व वाफांच्या रूपाने बाहेर पडतो, मागे उरतो तो कोळसा. या वायूंना पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली तर ज्योत, न मिळाली तर धूर.

चांगल्या कांडी-शेगडीत हवा दोन ठिकाणी दिली जाते. थोडी तळातून, कांड्यांमधून वायू निघावेत म्हणून, आणि बरीचशी वरच्या कडेच्या भोकांतून, ते वायू जळावेत म्हणून. कांड्या तळातून न पेटवता वरून पेटवतात. त्यामुळे खालून येणाऱ्या वायूंना तापलेल्या थरातून व ज्योतीतून जावेच लागते. कांड्या एकाच आकाराच्या आणि कोरड्या असल्यामुळे ही हवा नेमकी ठरवता येते. लाकडाच्या वेड्यावाकड्या ढलप्यांच्या बाबतीत ते अवघड जाते.

बाजारात अशा शेगड्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, पंखा नसलेला. तो स्वस्त असतो, पण वारा फिरला की धुरतो. दुसरा, लहान पंख्याचा. पंखा बॅटरीवर किंवा चार्जरवर चालतो आणि त्याला वीज अगदी थोडी लागते. तिसरा प्रकार म्हणजे पूर्ण स्वयंचलित 'ग्रिल'. तो अमेरिकेतील ओरेगन राज्यात जो ट्रेगर यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यात विकसित केला. पेटीतल्या कांड्या मळसूत्रासारख्या दांड्याने थोड्या थोड्या पुढे सरकतात, विजेच्या तापत्या कांबीने पेटतात आणि नियंत्रक तापमान राखतो. सोय मोठी, पण किंमतही मोठी. शिवाय पेटवताना काहीशे वॅट वीज लागते. वर्षातून चार वेळा कणसे आणि वांगी भाजणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, असे आमचे मत झाले.

परंतु शेगडीच्या किमतीपेक्षा इंधनाची किंमत आधी पाहावी. हिशेब करू. ५ लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ५ × ७५ = ३७५ किलोकॅलरी लागतात. एक किलो कांड्यांत सुमारे ४००० किलोकॅलरी असतात. शेगडीची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर १६०० कामी येतात, म्हणजे सुमारे २३५ ग्रॅम कांड्या लागतील. एक किलो स्वयंपाकाच्या गॅसमध्ये सुमारे ११००० किलोकॅलरी असतात. ६० टक्के कार्यक्षमतेने ६६०० कामी येतात, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम गॅस पुरतो. थोडक्यात, एक किलो गॅस म्हणजे जवळजवळ चार किलो कांड्या. तेव्हा कांड्यांचा भाव गॅसच्या भावाच्या पाव भागापेक्षा कमी असेल तरच रोजच्या स्वयंपाकात बचत. आपल्या गावचे भाव घालून मुलांकडून हे गणित करून घ्यावे.

हे गणित किती निर्णायक ठरते, याचे उदाहरण आपल्याकडेच घडले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनावर आधारलेली 'ऊर्जा' ही पंख्याची कांडी-शेगडी बीपी या तेल कंपनीने २००६ साली बाजारात आणली. २००९ मध्ये हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे गेला. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तामिळनाडूत मिळून सुमारे ४ लाख शेगड्या विकल्या गेल्या. शेगडी चांगली होती. पण शेतीतील ज्या टाकाऊ पदार्थांपासून कांड्या होत, त्यांना कारखान्यांच्या बॉयलरकडूनही मागणी वाढली, कांड्यांचा भाव चढला आणि अनेक घरांतल्या शेगड्या बाजूला पडल्या. कंपनीने पुढे हॉटेलांसारख्या मोठ्या स्वयंपाकघरांकडे लक्ष वळवले. ज्या शेगडीत एकाच प्रकारचे इंधन चालते, तिचे भवितव्य त्या इंधनाच्या दुकानावर अवलंबून असते.

दुकानात काय पाहावे? कांड्या जळतात ते भांडे जाड पत्र्याचे, आणि शक्यतो सुटे काढून बदलता येणारे हवे. शेगडीत आधी जळून जातो तो हाच भाग. तेथे आणि जाळीला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नसावा. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते, आणि खूप तापल्यास त्याचा घातक धूर होतो. लोहचुंबक चिकटला म्हणजे पत्रा गंजणारा, असा निष्कर्ष मात्र काढू नये. स्टेनलेस स्टीलच्या काही जातींनाही तो चिकटतो. पंख्याचा वेग कमीजास्त करता यावा आणि राख काढायला तळाशी जागा असावी.

कांड्या घेताना एक कांडी मोडून पाहावी. ती टणत्कार करून तुटावी, भुगा होऊ नये. लाकडाच्या चांगल्या कांड्यांची राख एक टक्क्याहूनही कमी असते, भाताच्या तुसांची वीस टक्क्यांच्या आसपास. भाजण्यासाठी प्लायवुडच्या किंवा रंगवलेल्या लाकडाच्या भुशाच्या कांड्या कटाक्षाने टाळाव्यात. त्यातील गोंद आणि रंग जळून अन्नावर बसतात.

आम्ही दुसऱ्या प्रकारची शेगडी घेतली, आणि पहिलीच चूक केली. कांड्यांचे पोते उघडे ठेवून जुलै जाऊ दिला. ऑगस्टमध्ये पेटवून पाहिली, तर कोळशाच्या शेगडीहून अधिक धूर! पाण्याच्या पेल्यातला प्रयोग दमट हवेने आमच्या पोत्यात केला होता. आता कांड्या घट्ट झाकणाच्या डब्यात असतात आणि पावसाळ्यापूर्वी उरल्यासुरल्या संपवतो.

एक इशारा महत्त्वाचा. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असे नव्हे. ज्योत संपून निखारे उरतात तेव्हा कणसे उत्तम भाजतात, परंतु त्याच वेळी कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला विषारी वायू अधिक सुटतो. म्हणून ही शेगडी उघड्या गच्चीवरच वापरावी. बंद बाल्कनीत किंवा खोलीत कधीही नको.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. आमची एक शेगडी त्यापुढे काहीच नाही. पण शेजाऱ्याच्या छातीत जाणारा धूर लहान-मोठा पाहून जात नाही.

सभेत आम्ही शेगडी पेटवून दाखवली. पेटताना चार-पाच मिनिटे धूर झाला, तो आम्ही लपवला नाही. बंदीऐवजी ठराव झाला तो असा: शेगडी जिन्यापासून लांबच्या कोपऱ्यात ठेवावी, वारा पाहून पेटवावी, आणि आजोबांना आधी विचारावे. ते "चालेल" म्हणाले तरच कणसे, नाही तर मसाला दूध आहेच. ते गॅसवरही आटते.