निडोकिंगच्या शिंगात विष आहे, पण राणीला अंडी का नाहीत?

घरातल्या मुलाने 'माझ्याकडे निडोरिना आहे, तिला मूनस्टोन देऊ का?' असं विचारलं, तर बहुतेक आई-बाबा मोबाईलमधून मान वर न करता 'दे बाबा, तुला काय करायचं ते कर' म्हणून मोकळे होतात. पण हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. पोकेमॉनच्या खेळात काही निर्णय असे आहेत की एकदा घेतले की मागे फिरता येत नाही, आणि निडोरिनाला मूनस्टोन देणं हा त्यातला एक. त्यातून हा प्राणीही साधासुधा नाही. पोकेमॉनमध्ये नर-मादी हा भेद सर्वात आधी ज्या जातीने आणला, तीच ही जात. तो भेद आणताना जो घोळ झाला, तो आजही तसाच आहे.

निडोरान म्हणजे नेमकं काय?

पोकेमॉन म्हणजे 'पॉकेट मॉन्स्टर'. जपानच्या गेम फ्रीक कंपनीने केलेला हा खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी निन्टेन्डोच्या गेम बॉयवर आला. मूळ कल्पना सातोशी ताजिरी यांची, चित्रं केन सुगिमोरी यांची. रानावनात फिरायचं, प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचं आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचं, असा सगळा मामला. पहिल्या खेळात असे १५१ प्राणी होते. त्यांच्या यादीत २९ ते ३४ हे सहा क्रमांक एकाच घराण्याने अडवले आहेत.

मादीची ओळ अशी : निडोरान मादी, मग निडोरिना, मग निडोक्वीन. नराची ओळ अशी : निडोरान नर, मग निडोरिनो, मग निडोकिंग. लहानपणी दोघंही सशासारखे दिसतात. मोठे कान, पुढे आलेले दात आणि कपाळावर छोटं शिंग. मादी निळसर, उंची ४० सेंटीमीटर, वजन ७ किलो. नर जांभळट, ५० सेंटीमीटर आणि ९ किलो. वाढता वाढता ससा मागे पडतो आणि गेंडा पुढे येतो. निडोकिंग १.४ मीटर उंच आणि ६२ किलोचा, तर निडोक्वीन १.३ मीटर आणि ६० किलोची. म्हणजे राजा-राणीत फरक फारसा नाहीच.

पोकेडेक्स ही खेळातली माहितीवही. तिच्यात लिहिलंय की नराचं शिंग जितकं मोठं, तितकं त्यातलं विष जालीम. निडोरिनोचं शिंग हिऱ्याहूनही कठीण आहे, निडोकिंगने शेपटी फिरवली तर टेलिफोनचा खांब काडीसारखा मोडतो, असंही तिथे आहे. मादीचा स्वभाव मात्र शांत दाखवलाय. निडोरिना आपल्या कुटुंबात असते तेव्हा अंगावरचे काटे आत ओढून घेते, कुणाला लागू नयेत म्हणून. निडोक्वीन तर बिळाच्या तोंडाशी स्वतःचं अंग आडवं घालून पिल्लांना वाचवते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवायचं, कारण पुढचा सगळा पेच त्यावरच आहे.

एवढं नाव कशामुळे झालं?

पहिल्या खेळाची 'रेड' आवृत्ती सुरू केली की पडद्यावर दोन प्राण्यांची झुंज दिसते : एक गेंगार आणि दुसरा निडोरिनो. खेळाच्या सुरुवातीला प्राध्यापक ओक नव्या खेळाडूला 'पोकेमॉन म्हणजे काय' हे समजावून सांगतात, तेव्हा शेजारी उभा असतो तोही निडोरिनोच. १ एप्रिल १९९७ रोजी जपानमध्ये टीव्ही मालिका सुरू झाली, तिचा पहिला भागही याच दोघांच्या झुंजीने उघडतो. पुढे २००४ मध्ये तोच खेळ 'फायररेड' आणि 'लीफग्रीन' या नावांनी नव्याने आला, तेव्हाही सुरुवातीची झुंज तीच. पिकाचूचा चेहरा जगभर गेला खरा, पण पहिल्या खेळाचं दार उघडल्यावर समोर येतो तो हा शिंगवाला.

आपल्याकडच्या घरांत पोकेमॉन आला तो मुख्यतः हिंदीतून. कार्टून नेटवर्कवर ही मालिका २००३ मध्ये सुरू झाली. त्या वेळी शाळेत असलेली पोरं आज स्वतः आई-बाप झाली आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या सोबतीने 'पोकेमॉन गो' अधिकृतपणे भारतात आला आणि २०२३ मध्ये त्यात हिंदी भाषाही आली. त्यामुळे आज बेळगाव, पणजी, इंदूर किंवा वडोदऱ्यातलं मराठी पोरगं हे नाव मोबाईलवर देवनागरीतच वाचू शकतं.

विष चालतं कसं?

पोकेमॉनच्या झुंजीत प्रत्येक प्राण्याचा 'प्रकार' असतो. पाणी, आग, गवत, वीज असे. निडोरान हा विष प्रकारचा. शेवटच्या टप्प्यावर राजा आणि राणी दोघांनाही दुसरा प्रकार मिळतो तो जमिनीचा. याचा जमाखर्च असा मांडता येईल.

जमेची बाजू : विजेचा हल्ला त्यांच्यावर मुळीच चालत नाही, म्हणजे पिकाचूची वीज फुकट जाते. विषाच्या हल्ल्याचा परिणाम चौथ्या हिश्शावर येतो आणि त्यांना स्वतःला विषबाधा होत नाही. २०१३ मध्ये 'परी' हा नवा प्रकार आला, त्यावर विष भारी पडतं, म्हणून या जातीचा भाव थोडा वधारला.

खर्चाची बाजू : पाणी, बर्फ, जमीन आणि मानसिक शक्ती, या चार प्रकारांचे हल्ले त्यांना दुप्पट लागतात. शिवाय पोलाद प्रकारावर त्यांचं विष अजिबात चढत नाही.

शिंगातल्या विषाला २००२ च्या खेळांत 'पॉइझन पॉइंट' असा नियमच मिळाला. समोरच्याने अंगाला भिडून हल्ला केला, तर १०० पैकी ३० वेळा त्यालाच विषबाधा होते. म्हणजे मारायला आलेल्यालाच काटा टोचतो. विष भिनलं की आताच्या खेळांत दर फेरीला एकूण जीवशक्तीचा आठवा हिस्सा कमी होतो. पहिल्या खेळात हा हिस्सा सोळावा होता. पण तेव्हा झुंज संपली तरी विष उतरत नसे. दर ४ पावलांना एकेक अंक गळत जायचा आणि औषध नसेल तर रस्त्यातच प्राणी बेशुद्ध व्हायचा. २०१० नंतरच्या खेळांत ही चालतानाची गळती बंद झाली.

नर-मादीचा घोळ

आता मुख्य प्रश्नाकडे. १९९६ च्या खेळात कुठल्याही पोकेमॉनला नर किंवा मादी असं काही नव्हतं. अपवाद फक्त निडोरानचा. तिथेही नर-मादी हा एकाच जातीतला फरक नव्हता, तर यादीत दोन वेगळे क्रमांक, दोन वेगळ्या नोंदी होत्या.

१९९९ मध्ये 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' हे पुढचे खेळ आले. त्यात जवळपास सगळ्याच पोकेमॉनना नर-मादी असे भेद मिळाले, अंडी घालायची सोय आली. नर आणि मादी पाळणाघरात ठेवायचे, काही वेळाने अंडं मिळतं आणि त्यातून आईच्या जातीचं पिल्लू निघतं. इथे निडोरानची जुनी नोंद आडवी आली. इतरांच्या बाबतीत एक क्रमांक, दोन लिंगं. इथे दोन क्रमांक, प्रत्येकाचं एकच लिंग. खास नियम करावा लागला : निडोरान मादीच्या अंड्यातून मादीही निघू शकते आणि नरही.

हा नियम फक्त लहान निडोरान मादीपुरता. ती वाढून निडोरिना झाली की तिला अंडी होत नाहीत. निडोक्वीनलाही होत नाहीत. ज्यांना अंडी होत नाहीत अशा गटात म्यूटूसारखे दुर्मीळ पोकेमॉन आहेत आणि पिचूसारखी तान्ही पिल्लंही आहेत. त्याच गटात ही राणी बसवलेली आहे. नराला मात्र काही बंधन नाही. निडोरिनो आणि निडोकिंग दोघंही बाप होऊ शकतात.

माहितीवहीत जी आई बिळाच्या तोंडाशी आडवी पडून पिल्लांना वाचवते, तिलाच खेळाच्या हिशेबात पिल्लू होऊ शकत नाही. खेळाच्या गोष्टीत याचं कुठलंही कारण सांगितलेलं नाही. दुकानाच्या वहीत मागच्या वर्षी शिल्लक चुकीच्या खात्यात ओढली, की पुढच्या प्रत्येक वर्षी ती तशीच ओढली जाते, तसंच हे झालं. नंतर कितीतरी खेळ आले, पण ही नोंद कुणी दुरुस्त केली नाही.

त्या काळातला आणखी एक हिशेब असाच होता. १९९९ च्या त्या खेळांत प्राणी नर की मादी, हे त्याच्या हल्ल्याच्या जन्मजात अंकावरून ठरायचं. अंक जास्त तर नर, कमी तर मादी. त्यामुळे ज्या जातीत नर-मादी दोन्ही असतात, तिथे मादीचं हल्ल्याचं बळ नराहून कमीच यायचं. २००२ मध्ये लिंग ठरवायची पद्धत बदलली आणि हा भेद गेला. अंगभूत हल्ल्याच्या क्षमतेवरून कुणाचं लिंग ठरवायचं नाही, एवढं तरी कंपनीने तीन वर्षांत सुधारलं. राणीची अंडी तेवढी राहून गेली.

राजा-राणीची एकूण ताकद मात्र आज अगदी बरोबरीची आहे. सहा गुणांची बेरीज दोघांचीही ५०५. राजाचा हल्ला १०२ आणि राणीचा ९२, पण जीवशक्तीत राणी ९० आणि राजा ८१. वेगात राजा, बचावात राणी.

मग मूनस्टोन द्यायचा की नाही?

निडोरान १६ व्या पातळीला आपोआप बदलतो. पुढचा टप्पा मात्र पातळीने येत नाही, त्याला मूनस्टोन हा दगडच लागतो. पहिल्या खेळात तो माउंट मून या गुहेत मिळतो, म्हणजे प्रवासाच्या अगदी सुरुवातीला. त्यामुळे खेळ नुकता सुरू झालेला असतानाच निडोकिंग हाताशी येतो. कमीत कमी वेळात खेळ संपवायच्या शर्यती लागतात, त्यात म्हणूनच निडोकिंगला पहिली पसंती असते. त्याला पाणी, वीज, बर्फ, आग, भूकंप असे नाना प्रकारचे हल्ले शिकवता येतात, एकाच प्राण्यावर बरंच काम भागतं.

ज्याला फक्त झुंजायचं आहे, त्याने दगड खुशाल द्यावा. ज्याला पिल्लं हवी आहेत, त्याने एक निडोरान मादी लहानच ठेवावी. १६ वी पातळी आली की ती बदलू लागते, तेव्हा बी बटण दाबून बदल थांबवता येतो. एकदा निडोरिना झाली की परत लहान करायची सोय नाही. 'पोकेमॉन गो'मध्ये असं पाळणाघर नाही, त्यामुळे तिथे हा पेच येत नाही. तिथे हिशेब कँडीचा : निडोरानला बदलायला २५ कँडी आणि पुढे राजा किंवा राणी करायला १००. या कँडी प्राणी पकडून आणि पायी चालून जमतात. घाई करणाऱ्यासाठी खेळात खऱ्या पैशांचं दुकानही आहे, म्हणून मोबाईलवरच्या खरेदीला पासवर्ड घालून ठेवणं बरं.

ससा, शिंग आणि खरं विष

सशाचं शिंग ही आपल्या जुन्या तर्कशास्त्रात अशक्य गोष्टीसाठी दिली जाणारी नेहमीची उपमा. निडोरानमध्ये नेमकं तेच अशक्य उगवलंय, आणि वर त्यात विषही भरलंय. निसर्गात शिंगात विष असलेला ससा नाही. शिंगासारखे खवले असलेले साप वाळवंटात असतात, पण त्यांचं विष दातात. नर प्लॅटिपसच्या मागच्या पायावर विषारी काटा असतो. ब्राझीलमध्ये एक बेडूक आहे, त्याच्या डोक्यावरच्या हाडाच्या टोकांतून विष टोचलं जातं. निडोरानच्या जवळ जाणारा म्हणाल तर तोच.

खेळात विष चढलं की अँटिडोट पाजायचं, लगेच बरं. मुलं हे रोज बघतात, म्हणून एक फरक त्यांना घरात सांगितलेला बरा. कोकणात, गोव्यात, बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात पावसाळ्यात साप घराजवळ येतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर भारतात लस आहे, पण ती दवाखान्यातच मिळते. जखम कापायची नाही, विष चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. चावलेला भाग हलू न देता माणसाला थेट दवाखान्यात न्यायचं. तिथे बी बटण नसतं.